स्लाय स्टोनची ग्रॅमीतली तीन मिनिटं

८ फेब्रुवारी २००६च्या रात्री लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये ४८वा ग्रॅमी सोहळा रंगात आला होता. ज्याच्यासाठी मंचावर एवढे गायक-वादक जमले होते, तो फंक संगीताचा गायक-वादक स्लाय स्टोन मात्र बाहेर गाडीत बसून होता. कार्यक्रमाचे मुख्य निर्माते केन अर्लिक यांनी पुढे सांगितलं, की पोलिसांचा ताफा मिळेपर्यंत स्लाय स्टोन हॉटेलच्या खोलीतून निघाला नाही आणि पोहोचल्यावरही गाणी सुरू होईपर्यंत गाडीतून उतरला नाही. तो येणार की नाही, हे शेवटपर्यंत बोलावणाऱ्यांनाही खात्रीने ठाऊक नव्हतं.

तो आला. एरोस्मिथ या रॉक बँडच्या स्टीव्हन टायलरने हाक मारल्यावर ६२ वर्षांचा स्लाय कीबोर्डमागे येऊन उभा राहिला. सोनेरी रंगवलेला उभा तुरा, चंदेरी लांब कोट, डोळ्यांवर गॉगल, एका हाताला दुखापतीची पट्टी, पाठ वाकलेली, मान खाली. गाणं होतं ‘आय वॉन्ट टू टेक यू हायर’. आवाज जेमतेम ऐकू येत होता. दोन-तीन मिनिटं झाली असतील नसतील, गाणं चालू असतानाच त्याने प्रेक्षकांकडे बघून हात हलवला आणि तो निघून गेला. १९८७नंतर मोठ्या मंचावर गायला तो पहिल्यांदाच आला होता.

त्या रात्रीबद्दल जे लिहिलं गेलं, त्यात बहुतेकांनी व्यसन, विक्षिप्तपणा आणि वय यांवर सगळं ढकललं. व्यसनाने त्याचं आयुष्य पोखरलं हे खरंच आहे. पण त्या तीन मिनिटांत संगीत का जमलं नाही, याचं मोठं कारण मला मंचाच्या बांधणीत दिसतं. फंक हे संगीत कसं उभं राहतं आणि पुरस्कार सोहळ्याचा टीव्ही कार्यक्रम कसा उभा राहतो, हे शेजारी ठेवून पाहिलं की बरंचसं उलगडतं.

आधी संगीत. स्लाय म्हणजे सिल्व्हेस्टर स्ट्युअर्ट. जन्म १५ मार्च १९४३, टेक्सासमधलं डेंटन. वाढला कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहोत, पेंटेकोस्टल चर्चच्या गाण्यात. लहानपणीच भावंडांबरोबर ‘द स्ट्युअर्ट फोर’ या नावाने गॉस्पेलची, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांची तबकडीही निघाली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या केएसओएल रेडिओवर तो निवेदक झाला आणि ऑटम रेकॉर्ड्समध्ये निर्माता. बॉबी फ्रीमनचं १९६४चं ‘कमॉन अँड स्विम’ त्याच्याच हाताखालून निघालं. स्वतःचा संच बांधायच्या आधीच त्याला रेकॉर्डिंगची खोली, रेडिओचा कान आणि चर्चमधली सवाल-जबाबाची गायकी, तिन्ही अंगवळणी पडली होती.

स्लाय अँड द फॅमिली स्टोन या संचाची माणसं इथे नीट सांगायला हवीत, कारण पुढे सगळं त्यांच्यावरच येतं. गिटारवर भाऊ फ्रेडी, कीबोर्ड आणि गायनाला बहीण रोझ, ट्रम्पेटवर सिंथिया रॉबिन्सन, सॅक्सोफोनवर जेरी मार्टिनी, ड्रमवर ग्रेग एरिको, बासवर लॅरी ग्रॅहम. मार्टिनी आणि एरिको गोरे, बाकीचे काळे. स्त्री-पुरुष एकत्र, आणि स्त्रिया मागे कोरसला उभ्या नाहीत तर हातात वाद्य घेऊन. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हे चित्रच नवं होतं.

फंकचा ठेका आपल्याकडच्या श्रोत्याला समजवायचा तर समेपासून सुरुवात करावी. बहुतेक रॉक आणि सोलमध्ये चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी पडते. फंकमध्ये सगळं वजन पहिल्या मात्रेवर, समेवर टाकतात. तिथे ड्रम, बास गिटार आणि ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारखी फुंकवाद्यं, एकदमच आदळतात. मग उरलेल्या तीन मात्रांत प्रत्येक जण आपापल्या जागा शोधतो. एका मात्रेचे चार तुकडे केले की एका आवर्तनात सोळा जागा होतात. गिटार त्यातल्या पाच-सहा घेते, बास चार-पाच, बाकी मोकळ्या सोडायच्या. मोकळ्या जागा कुठल्या, यावर ठेक्याचं रूप ठरतं. कोणी एकाने दोन जागा जास्त भरल्या तरी ठेका चिखलात रुतल्यासारखा जड होतो. नवशिक्या बँडच्या फंकमध्ये हटकून हेच बिघडतं. प्रत्येकाला सतत वाजवायचं असतं.

लॅरी ग्रॅहमचा हात या सगळ्याच्या मध्यभागी होता. तो पूर्वी आईबरोबर कार्यक्रम करायचा आणि त्यात ड्रमवादक नसायचा. ती उणीव त्याने बासवरच भरून काढली. अंगठा जाड तारेवर आपटला की तार पट्टीवर बसते आणि बास ड्रमसारखा ठोका मिळतो. तर्जनीने बारीक तार आकड्यासारखी उचलून सोडली की ती फटकन परत बसते आणि स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमसारखा चटका मिळतो. हाच पुढे जगभर शिकवला गेलेला ‘स्लॅप बास’. १९६९च्या फेब्रुवारीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ‘एव्हरीडे पीपल’ बासकडे कान देऊन ऐका. गाणंभर बास एकाच स्वरावर आहे. वर सूर बदलतात, गायक बदलतात, खाली तोच एक स्वर धपधपत राहतो. इतका संयम ठेवणारा बासवादक विरळा.

आता ‘हायर’. हे १९६९च्या ‘स्टँड!’ या अल्बममधलं. यात जवळजवळ संपूर्ण गाणं एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या एकाच स्वरसमूहावर फिरतं. ओळ एकाने सुरू करायची, दुसऱ्याने उचलायची, तिसऱ्याने संपवायची. फ्रेडी, रोझ, लॅरी आणि स्लाय अशा चार आवाजांत गाणं चेंडूसारखं फिरतं. मधे ब्रासचे तुकडे, हार्मोनिका, आणि ड्रमचे बोल तोंडाने म्हटल्यासारखा कोरस. कागदावर लिहिलं तर अर्ध्या पानात मावेल. या गाण्याची ताकद वेळात आहे. एकच आवर्तन पुन्हा पुन्हा येत राहतं, दर फेरीला थोडं काही बदलतं, आणि सहा-सात मिनिटांनी ऐकणाऱ्याचं अंग आपोआप हलायला लागतं. कीर्तनात गजर चढतो तसा हा चढतो. गजराची पहिली दोन मिनिटं तोडून घरी नेता येत नाहीत.

१७ ऑगस्ट १९६९ला, पहाटे साडेतीनच्या सुमाराला वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात हे नीट दिसलं. आधी जॅनिस जॉप्लिन गाऊन गेली होती, नंतर द हू येणार होते. लाखोंचा जमाव थकलेला, झोपेला आलेला. स्लायने ‘हायर’ थांबवून लोकांशी बोलायला सुरुवात केली. सगळ्यांनी मिळून गाणं म्हणणं लोकांना जुनाट वाटतं, शेजाऱ्याची मान्यता मिळाल्याशिवाय कोणी मोकळं होत नाही, अशा आशयाचं तो शांतपणे बोलला आणि मग एकेक हाक देऊन उत्तर मागत गेला. पहिल्या हाकेला अंधारातून तुटक उत्तर आलं, नंतर मोठं, नंतर सगळा उतार ओरडायला लागला. बँड तोवर मागे दबून ठेका धरून होता. तो ठेका कितीही वेळ चालू शकला असता, कारण पुढची खूण स्लायच्याच हातात होती. याला वादकांच्या भाषेत उघडी व्हॅम्प म्हणतात. ठरलेलं आवर्तन गायकाची खूण मिळेपर्यंत फिरवत राहायचं.

यानंतर दोन-अडीच वर्षांत हा संच फुटला, आणि फुटण्याची खूण स्लायच्या ध्वनिमुद्रणांत ऐकू येते. १९७०मध्ये सुमारे एक तृतीयांश कार्यक्रमांना तो पोहोचलाच नाही. एरिको १९७१मध्ये गेला, ग्रॅहम १९७२मध्ये. स्लायने त्याच काळात ‘देअर्स अ रायट गोइन’ ऑन’ हा अल्बम बहुतांशी एकट्याने रचला. वर्ष १९७१. ड्रमवादकाच्या जागी त्याने मॅस्ट्रो कंपनीचं ‘रिदम किंग’ हे यंत्र घेतलं. आपल्याकडे रियाजाला तालमाला वापरतात, त्याच जातीचं. बटण दाबलं की ठरावीक नाचाचा ठेका सुरू होतो, स्वतःचा ठेका त्यात भरता येत नाही. हॉटेलात एकटा ऑर्गन वाजवणाऱ्यांच्या सोयीचं हे खेळणं होतं. ‘फॅमिली अफेअर’मध्ये त्याच्या टिकटिकीवर बिली प्रेस्टनचा इलेक्ट्रिक पियानो आणि बॉबी वूमॅकची गिटार चढली आणि गाणं तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. यंत्राच्या ठेक्यावर उभं असलेलं इतकं मोठं लोकप्रिय गाणं तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं.

त्या अल्बमचा आवाज मळकट, दबलेला का येतो, याचं कारण टेपमध्ये आहे. एकटा माणूस एकेक वाद्य चढवतो तेव्हा दर वेळी तीच टेप रेकॉर्डरच्या हेडवरून फिरते. दर फेरीला तिच्यावरचा चुंबकीय लेप थोडा घासला जातो. आधी वरचे, बारीक स्वर जातात, मग खरखर वाढते. स्लायने इतक्या वेळा पुसून पुन्हा वाजवलं, की टेप अक्षरशः झिजली. मला तो झिजलेला आवाज अतिशय प्रिय आहे. पण त्याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. ज्याच्या संगीताचा जीव सात माणसांच्या देवाणघेवाणीत होता, तो आता बंद खोलीत स्वतःशीच वाजवत होता, आणि पुढची पस्तीस वर्षं बहुतेक तसाच राहिला. जानेवारी १९७५मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये खुर्च्यांचा आठवा भागच भरला. १९९३मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये संचाचा समावेश झाला. त्या सोहळ्यात तो अचानक उगवला, दोन वाक्यं बोलला आणि दिसेनासा झाला.

म्हणजे २००६मध्ये ग्रॅमीवाल्यांपुढे असा माणूस होता, जो येईलच असं नाही, आला तर तालमीला येईलच असं नाही, आणि मंचावर टिकेलच असं नाही. थेट प्रक्षेपणात अशा पाहुण्यासाठी एकच मार्ग उरतो. त्याच्याशिवायही कार्यक्रम पूर्ण होईल अशी रचना करायची. तशीच केली गेली. मानवंदना म्हणून त्याच्या गाण्यांची मालिका बांधली. त्यात जॉन लेजंड, जॉस स्टोन, व्हॅन हंट, मरून फाइव्ह, विल.आय.ॲम, फँटेझिया, स्टीव्हन टायलर, जो पेरी, रॉबर्ट रँडॉल्फ असे गायक-वादक होते. गिटारवर नाईल रॉजर्ससारखा फंक कोळून प्यायलेला माणूस होता. यातले अनेक जण ‘डिफरंट स्ट्रोक्स बाय डिफरंट फोक्स’ या मानवंदना अल्बममध्येही होते, आणि तो अल्बम एपिक कंपनीने सोहळ्याच्या आदल्याच दिवशी, ७ फेब्रुवारीला बाजारात आणला होता. स्लायला सगळ्यात शेवटी, एका गाण्यासाठी, वरचा तुरा म्हणून ठेवलं. आला तर चमत्कार, नाही आला तर टायलर गाणं पूर्ण करेल.

निर्मात्यांना मी दोष देत नाही. कोणीही असंच केलं असतं. पण या रचनेची किंमत मोजावी लागते ती अशी.

पुरस्कार सोहळ्यात दोन-तीन मंच आलटून पालटून वापरतात. एकावर गाणं चालू असताना दुसऱ्यावर पुढच्याची मांडणी होते, आणि सगळं जाहिरातींच्या वेळांना बांधलेलं असतं. गाणी कापूनच घ्यावी लागतात. सहा गाण्यांची मालिका असेल तर एकेकाच्या वाट्याला मिनिट-दीड मिनिट येतं. कॅमेऱ्याच्या प्रत्येक कोनाला आवर्तनाचा आकडा लावलेला असतो. चौथ्या आवर्तनात ट्रम्पेट, आठव्यात गायक, बाराव्यात प्रेक्षक. अशा गाण्यात उघडी व्हॅम्प ठेवणं दिग्दर्शकाच्या जिवावर येतं. ‘हायर’चा जो कणा, म्हणजे गायकाची खूण मिळेपर्यंत थांबणं, तोच इथे काढून टाकलेला असतो. वुडस्टॉकमध्ये गाणं स्लायसाठी थांबत होतं. इथे त्याला चालत्या गाडीत चढायचं होतं, पट्टी बांधलेल्या हाताने.

दुसरी अडचण ऐकण्याची. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मंच रुंद असेल आणि ड्रम गायकापासून १२ मीटरवर असतील, तर ठोका त्याच्या कानाशी ३५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेचा चौथा तुकडा १२५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे पाव तुकड्याहून जास्त उशीर. बॅलड गाताना हे कळतही नाही. फंकमध्ये याने ठेक्याची कडच बोथट होते. म्हणून छोट्या क्लबमध्ये फंक बँड एकमेकांना चिकटून उभे राहतात आणि बासवादक ड्रमच्या हाय-हॅटशेजारची (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीशेजारची) जागा सोडत नाही. मोठ्या मंचावर यावर इलाज म्हणजे प्रत्येकाचा मॉनिटर. मग तो पायाशी ठेवलेला स्पीकर असो की कानातलं यंत्र. त्यात कोणाला काय किती हवं हे तालमीत ठरतं. गायकाला बहुधा स्वतःचा आवाज, बास आणि स्नेअर पुरतो. बाकी जितकं जास्त भराल तितकं त्याला कमी ऐकू येतं. तालीम केली नसेल तर मॉनिटरवर बसलेला माणूस अंदाजाने सगळंच थोडं थोडं देतो. डझनभर गायक-वादकांच्या कल्लोळात हे ‘थोडं थोडं’ म्हणजे निव्वळ गलका. त्यात स्वतःचा आवाज सापडत नाही. सापडला नाही की माणूस एक तर ओरडतो किंवा गप्प होतो.

माईकचं गणित याहून निष्ठुर आहे. तोंड आणि माईक यांतलं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ५ सेंटिमीटरवरून १५वर गेलं तर साडेनऊने. मान खाली आणि पाठ वाकलेली असली की हनुवटी छातीला लागते, श्वास आखडतो आणि आवाज माईकच्या खालून निघून जातो. ध्वनिमिश्रण करणाऱ्याने आधी त्याला ऐकलेलं असतं, तर माईकचा दांडा चार बोटं खाली आणि आतल्या बाजूला वळवून घेतला असता. मिक्सरवर माईकचा आवाज वाढवून हे भरून निघत नाही. तसं केलं की त्याच माईकमध्ये मागच्या झांजा आणि ब्रास शिरतात, मॉनिटर शिट्टी मारायला लागतो. ऐन वेळी आलेल्या गायकाचा आवाज थेट प्रक्षेपणात बारीक येतो तो म्हणूनच. घरी बसलेल्यांना वाटतं, गळा गेला. गळ्यात खरोखर किती उरलं होतं, हे त्या मिश्रणावरून कोणालाच सांगता येणार नाही.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात दुःखाची. मंचावर त्याची खरी माणसं होती. सिंथिया, जेरी, फ्रेडी, रोझ, ग्रेग. लॅरी ग्रॅहम आजारी असल्यामुळे बासवर रस्टी ॲलन होता. ग्रॅहमनंतर हाच तर संचात आला होता, १९७३च्या ‘फ्रेश’ या अल्बमवर त्याने बास वाजवला आहे. १९७१नंतर इतके जण एकत्र उभे राहिल्याची ही पहिली वेळ होती. आणि त्यांच्यापुढे पाहुण्यांची रांग. ज्या गाण्यात ओळ रोझकडून फ्रेडीकडे आणि फ्रेडीकडून स्लायकडे जायची, तिथे मधे टायलर, पुढे आणखी कोणी. टायलर मनापासून गात होता, स्लायला उभारी देत होता. पण नजरेने खूण करायची तर समोर ओळखीचा चेहरा लागतो. ट्रम्पेट ओठाला लावायच्या आधी सिंथियाने श्वास घेतला की स्लायला कळायचं पुढे काय येतंय. मधे माणसांची भिंत आली की ही बोली बंद पडते.

काय करता आलं असतं? टीव्हीच्या मर्यादेतही काही करता आलं असतं असं मला वाटतं. पाहुण्यांनी आपापली गाणी म्हणून मंच सोडायचा. ‘हायर’साठी जुने सहा आणि स्लाय एवढेच ठेवायचे, पुढून मागे चार-पाच मीटरच्या आत, अर्धवर्तुळात, प्रत्येकाला दुसऱ्याचा चेहरा दिसेल असे. बास आणि ड्रम स्लायच्या पाठीशी, म्हणजे मॉनिटर दगावला तरी ठेका अंगाला जाणवतो. रोझचा माईक कायम उघडा, म्हणजे भावाने ओळ सोडली तर बहीण उचलेल, आणि ते झाकपाक न वाटता मूळ गाण्यासारखंच वाटेल. गाण्याला तीन ठिकाणी बाहेर पडायच्या वाटा. स्लाय रंगला तर पुढे, थकला तर ब्रासच्या तुकड्यावर समारोप. खूण देणारा एकच माणूस, फ्रेडी. आणि स्लाय स्वतः तालमीला आला नाही तरी त्याच्या उंचीचा आणि त्याच्यासारखा वाकून गाणारा कोणी त्याच्या जागी उभा करून माईक बसवून घ्यायचा. टीव्हीच्या तालमीत कॅमेऱ्यांसाठी असे बदली लोक उभे करतातच. आवाजासाठीही करावेत.

याला आधार म्हणून सोहळ्याच्या सहा महिने आधीचा एक प्रसंग आहे. ऑगस्ट २००५मध्ये लॉस एंजेलिसच्या निटिंग फॅक्टरी या क्लबमध्ये बहीण व्हेट हिच्या संचाचा कार्यक्रम होता. स्लायने तिला मोटरसायकलवर बसवून तिथे पोहोचवलं आणि हेल्मेट डोक्यावरून न काढता कार्यक्रम ऐकला. छोटी जागा, घरचा संच, तोंड झाकलेलं, कोणी हाक मारत नाही. अशा ठिकाणी तो आपल्या पायांनी आला आणि थांबला. पुनरागमनाचा धागा तिथे होता. तिथून पाऊल उचलायचं तर आणखी दहा छोटे क्लब करायचे, मग दोन हजारांचं सभागृह, आणि मग कुठे टीव्ही. क्रम उलटा झाला.

पुढे हेच पुन्हा पुन्हा घडत राहिलं. २००७च्या उन्हाळ्यात युरोपातल्या उत्सवांत, माँत्रोत, इटलीतल्या उम्ब्रिया जॅझमध्ये, तो घरच्या संचाबरोबर गायला. संच सुरुवात करायचा, मधेच स्लाय यायचा, काही गाणी म्हणून निघून जायचा. तिकीट काढून आलेले चिडले, पण जी गाणी झाली त्यांत ग्रॅमीपेक्षा कितीतरी जास्त जीव होता, कारण माणसं त्याची होती. एप्रिल २०१०ला कॅलिफोर्नियातल्या कोचेला संगीत महोत्सवात तो कित्येक तास उशिरा आला. गाणी अर्धवट सोडली आणि आपल्या माजी व्यवस्थापकाविरुद्ध बोलत बसला. २०१७मध्ये ग्रॅमीने जीवनगौरव दिला. २०२३मध्ये आत्मचरित्र आलं. ९ जून २०२५ला ८२व्या वर्षी फुफ्फुसाच्या आजाराने तो गेला. सिंथिया २०१५मध्येच गेली होती.

हे सगळं कानाने तपासायचं असेल तर वुडस्टॉकचा त्याचा संपूर्ण कार्यक्रम २००९मध्ये ‘द वुडस्टॉक एक्स्पिरिअन्स’ या नावाने ‘स्टँड!’बरोबर निघाला आहे. तो हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर बास येतच नाही. ‘हायर’ तीनदा लावा. पहिल्यांदा फक्त ग्रॅहमचा अंगठा ऐका. दुसऱ्यांदा एरिकोचा उजवा हात. तिसऱ्यांदा, स्लाय लोकांशी बोलायला लागतो तेव्हा मागे संचाचा आवाज किती खाली येतो आणि कोण काय सोडून देतं, ते ऐका. मग ग्रॅमीची चित्रफीत बघा आणि स्लाय निघाला तरी डोळे त्याच्या मागे जाऊ देऊ नका. मंचाच्या मागच्या भागात बघा. तिथे जेरी आणि सिंथिया आपापले तुकडे वाजवत आहेत.